एसएमएचे उंदीर आणि उपचाराची वेळ

‘१६ कोटींचे इंजेक्शन’ हे शब्द मराठी घरांमध्ये पोहोचले ते २०२१ साली. मुंबईतल्या एका तान्ह्या बाळासाठी हजारो लोकांनी वर्गणी दिली, व्हॉट्सॲपवर आवाहने फिरली, केंद्र सरकारने आयातशुल्क आणि जीएसटी माफ केला आणि स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजेच एसएमए, या आजाराचे नाव घरोघरी माहीत झाले. त्या वेळी जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी किमतीभोवती फिरत राहिली. किंमत हा प्रश्न खराच आहे आणि त्याकडे मी पुढे येणार आहे. पण हे औषध मुळात कुठल्या वाटेने आले, ते आधी कोणावर वापरून पाहिले गेले आणि ते बाळाला किती लवकर द्यायला हवे हे कशावरून कळले, याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. मी महाविद्यालयात आनुवंशिकी शिकवते आणि हा विषय वर्षानुवर्षे शिकवताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. एसएमएच्या प्रायोगिक उंदरांमुळे औषधे तर मिळालीच, पण त्यांच्याकडून मिळालेली सर्वांत मोलाची माहिती उपचाराच्या वेळेविषयीची आहे, आणि नेमक्या त्याच माहितीचा आपण आपल्याकडे सर्वांत कमी उपयोग करून घेतला आहे.

आजार नवा नाही. ग्विडो वेर्डनिग यांनी १८९१ साली आणि हायडेलबर्गच्या योहान हॉफमन यांनी १८९३ साली त्याचे वर्णन केले होते. मज्जारज्जूमधल्या ज्या चेतापेशी स्नायूंना हालचालीचा हुकूम देतात त्या एकेक करून मरत जातात आणि त्यांना जोडलेले स्नायू वाळत जातात. सर्वांत तीव्र अशा पहिल्या प्रकारात लक्षणे सहा महिन्यांच्या आतच दिसू लागतात. बाळ मान धरत नाही, पाय दोन्ही बाजूंना टाकून पडून राहते, श्वास घेताना छाती फुगण्याऐवजी आत ओढली जाते आणि पोट वर येते, जिभेवर बारीक थरथर दिसते. चेहरा आणि डोळे मात्र पूर्ण जागे असतात. आईकडे पाहून हसणारे, आवाजाच्या दिशेने नजर वळवणारे हे बाळ बुद्धीने कुठेही कमी नसते, आणि म्हणूनच ‘जरा अशक्त आहे, धरेल हळूहळू मान’ असे म्हणत घरच्यांचे पहिले काही आठवडे निघून जातात. उपचार मिळाले नाहीत तर या प्रकारातली बहुतेक बाळे दुसऱ्या वाढदिवसाच्या आत दगावतात किंवा कायमची व्हेंटिलेटरवर जातात. साधारण १०,००० जन्मांमागे एका बाळाला एसएमए होतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतात, दोघेही ठणठणीत असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

या आजाराला कारणीभूत असलेले जनुक १९९५ साली पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या गटाला सापडले. पाचव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाला एसएमएन-१ म्हणतात आणि सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये त्याचा महत्त्वाचा भाग दोन्ही गुणसूत्रांवरून नाहीसा झालेला असतो. माणसाचे नशीब असे की, याच जनुकाच्या शेजारी एसएमएन-२ नावाची त्याची जवळजवळ हुबेहूब दुसरी प्रत असते. दोन्हींमधला निर्णायक फरक एका अक्षराचा आहे: सातव्या एक्झॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या सातव्या तुकड्यात, ‘सी’च्या जागी ‘टी’. पेशी जनुकाच्या संदेशाचे तुकडे जोडते तेव्हा या एका अक्षरामुळे सातवा तुकडा बहुतेक वेळा गळून पडतो आणि त्यातून तयार होणारे अर्धवट प्रथिन पेशीत टिकत नाही. दहातला एखादा संदेश तेवढा पूर्ण निघतो, आणि त्या थोडक्या प्रथिनावर बाळ जन्मापर्यंत पोहोचते. ज्याच्याकडे एसएमएन-२ च्या दोनच प्रती आहेत त्याचा आजार सहसा तीव्र असतो, तीन किंवा चार असतील तर सौम्य. एवढे कळल्यावर उपचाराच्या दोन दिशा उघड होत्या. हरवलेले एसएमएन-१ बाहेरून पुरवायचे किंवा एसएमएन-२ ला तो सातवा तुकडा धरून ठेवायला लावायचे. प्रश्न होता तो हे सगळे कशावर तपासायचे हा.

इथे निसर्गाने एक अडचण करून ठेवलेली होती. एसएमएन-२ ही जोडप्रत फक्त माणसात आहे. चिंपँझीतसुद्धा ती नाही आणि उंदरात तर हे जनुक एकच असते. १९९७ मध्ये जर्मनीत मिखाएल झेंडटनर यांच्या गटाने उंदरातले ते एकमेव जनुक काढून टाकले, तेव्हा एकही पिल्लू जन्माला आले नाही. गर्भ गर्भाशयात रुजण्याच्याही आधीच त्यातल्या पेशी मरून गेल्या. म्हणजे हे प्रथिन प्रत्येक पेशीला जगण्यासाठी लागते एवढे सिद्ध झाले, पण आजार अभ्यासायला उंदीर काही मिळाला नाही. मार्ग निघाला २००० साली, आणि तो एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना निघाला. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात आर्थर बर्गेस यांच्या प्रयोगशाळेत उमराव मोनानी आणि सहकाऱ्यांनी, आणि तैवानमध्ये अकॅडेमिया सिनिका या संस्थेत हुंग ली यांच्या गटाने, स्वतःचे जनुक नसलेल्या उंदरांमध्ये माणसाचे एसएमएन-२ घातले. पिल्ले जन्मली आणि त्यांना एसएमए झाला. मोनानी यांच्या उंदरांमध्ये एसएमएन-२ च्या दोन प्रती असलेली पिल्ले आठवडाभरात मरत, आणि आठ प्रती असलेली पिल्ले पूर्ण निरोगी राहत. रुग्णांच्या रक्तचाचण्यांमधून जे अनुमान काढले जात होते ते पिंजऱ्यात डोळ्यांसमोर दिसले. प्रती वाढल्या की आजार हटतो, याचाच अर्थ हे प्रथिन वाढवणारे कोणतेही औषध उपयोगी पडू शकते. माझ्या मते या आजाराच्या इतिहासातला सर्वांत आशादायक निष्कर्ष हाच आहे, आणि त्या वेळी औषधाचा कुठे पत्ताही नव्हता.

पुढे २००५ मध्ये बर्गेस यांच्याच प्रयोगशाळेत ‘डेल्टा-७’ नावाचा उंदीर तयार झाला. तो साधारण १३-१४ दिवस जगतो, आणि हे दोन आठवडे औषध देऊन परिणाम मोजायला पुरतात. या पिल्लावर काम कसे चालते ते समजून घेण्यासारखे आहे. जन्मलेले पिल्लू दीड ग्रॅमच्या आसपास भरते, अंगावर लव नसते, आणि कातडी इतकी पातळ की पोटात गेलेले दूध पांढऱ्या ठिपक्यासारखे बाहेरून दिसते. पहिले दोन-तीन दिवस आजारी आणि निरोगी पिल्लू नुसत्या नजरेने वेगळे काढता येत नाही, त्यासाठी शेपटीचा कणभर तुकडा घेऊन डीएनए तपासावा लागतो. मग हळूहळू फरक पडू लागतो. भावंडांचे वजन रोज वाढते, याचे वाढायचे थांबते, दुधाचा तो ठिपका लहान होत जातो. पिल्लाला उताणे ठेवायचे आणि ते पालथे व्हायला किती सेकंद घेते ते मोजायचे, ही इथली रोजची चाचणी. निरोगी पिल्लू थोड्याच दिवसांत चटकन उलटते. आजारी पिल्लू पाय हलवत राहते आणि कुशीवर वळून थांबते. बाळ उपडे वळते की नाही, मान धरते की नाही, हे बालरोगतज्ज्ञ पाहतात त्याच प्रश्नाचे हे पिंजऱ्यातले रूप आहे. हे उंदीर अमेरिकेच्या मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत ठेवले गेले आणि तिथून जगभरच्या संशोधकांना मिळत राहिले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या गटांनी तोच उंदीर वापरल्यामुळे त्यांचे निकाल शेजारी-शेजारी ठेवून पाहता आले, आणि दुर्मिळ आजारात, जिथे रुग्णच बोटांवर मोजण्याइतके असतात, ही गोष्ट लहान नाही.

औषधाची पहिली ठिणगी मात्र उंदरात पडली नाही, ती पेशींमध्ये पडली. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत रवींद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी एसएमएन-२ मध्ये सातव्या एक्झॉनच्या लगेच पुढे असलेली एक छोटी जागा शोधून काढली, जी त्या तुकड्याला जोडणीतून बाहेर ढकलते. ती जागा झाकणारा कृत्रिम आरएनएसारखा छोटा धागा रुग्णांच्या पेशींमध्ये सोडला, तेव्हा सातवा तुकडा जागेवर राहू लागला. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत एड्रियन क्रेनर आणि आयोनिस कंपनीचे फ्रँक बेनेट यांनी याच जागेवर नेमका बसणारा धागा घडवला आणि तो तैवानच्या उंदरांमध्ये तपासला. त्या उंदरांच्या सौम्य प्रकारात एक खूण ठळक असते: त्यांचे कान आणि शेपटी टोकाकडून काळी पडून झडत जाते. औषध वेळेवर मिळालेल्या उंदरांची शेपटी लांब राहिली. आकडेवारी, आलेख, सांख्यिकी हे सगळे नंतर येते, पण सुरुवातीला तिथल्या माणसांना काय दिसले असेल तर पिंजऱ्यात फिरणाऱ्या उंदराची न झडलेली शेपटी. तीव्र आजाराच्या उंदरांमध्ये हेच औषध कातडीखाली टोचले तेव्हा त्यांचे मध्यम आयुर्मान सुमारे २५ पटींनी वाढले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हेच औषध पुढे नुसिनर्सेन या नावाने आले आणि २३ डिसेंबर २०१६ रोजी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते पाठीच्या मणक्यातून दिले जाते, आणि मणक्यातून दिलेले औषध मज्जारज्जूभर पसरते का, टिकते का, हे माणसांच्या आधी माकडांमध्ये पाहिले गेले होते, कारण उंदराचा मज्जारज्जू एवढासा असतो की त्यावरून माणसाच्या मज्जारज्जूविषयी काही सांगता येत नाही.

आता ज्या प्रयोगासाठी मी हे सगळे लिहीत आहे तो. ओहायोतल्या कोलंबस शहरातच, नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये, ब्रायन कॅस्पर आणि केविन फाउस्ट यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले की एएव्ही-९ नावाचा निरुपद्रवी विषाणू नवजात उंदराच्या रक्तात टोचला तर तो रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा ओलांडून मज्जारज्जूतल्या चेतापेशींपर्यंत पोहोचतो. त्या विषाणूच्या पोटी एसएमएनचे जनुक ठेवून त्यांनी ते आजारी पिल्लांना चेहऱ्यावरच्या शिरेतून टोचले. कातडी पातळ असल्याने ती शीर दिसते, पण दीड ग्रॅमच्या जिवाच्या शिरेत सुई घालायला किती सराव लागत असेल याची कल्पना मला करवत नाही. जन्माच्या पहिल्या दिवशी टोचलेली पिल्ले २५० दिवसांहून अधिक जगली, जिथे त्यांची उपचार न मिळालेली भावंडे पंधरवडाभरात मरत होती. मग त्यांनी तेच औषध, त्याच जातीच्या पिल्लांना, पाचव्या दिवशी टोचून पाहिले. फायदा झाला, पण अर्धामुर्धा. दहाव्या दिवशी टोचलेल्या पिल्लांचे मरण टळले नाही. २०१० मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. सुरुवातीला उल्लेखलेले ‘१६ कोटींचे इंजेक्शन’, म्हणजे झोलजेन्स्मा, याच जनुकोपचारातून पुढे आले.

दहाव्या दिवसाच्या अपयशाचा एक भाग औषधाच्या प्रवासाशी संबंधित होता, कारण वय वाढले तसा तो विषाणू चेतापेशींऐवजी त्यांच्या आधारपेशींकडे अधिक जाऊ लागला होता. म्हणून एक शंका उरत होती की उशीर घातक आहे की पोहोच अपुरी आहे. तिचे उत्तर वेगळ्या उंदराने दिले. जॅक्सन प्रयोगशाळेत कॅथलीन लुट्झ आणि सहकाऱ्यांनी असा उंदीर तयार केला ज्यात जनुक आधीपासून प्रत्येक पेशीत असते आणि हव्या त्या दिवशी ते चालू करता येते. म्हणजे पोहोचण्याचा प्रश्नच मिटला. लक्षणे सुरू झाल्यानंतर जनुक चालू केले तरी काही पिल्ले वाचली, ही दिलासा देणारी गोष्ट; पण जसजसा उशीर होत गेला तसतसा फायदा घटत गेला. एका प्रयोगाने उठवलेला संशय दुसऱ्या, अधिक काटेकोर प्रयोगाने तपासला. विद्यार्थ्यांना मी हे दोन निकाल नेहमी एकत्रच शिकवते.

माणसांच्या चाचण्यांमध्ये तेच उतरले. लक्षणे सुरू झालेल्या बाळांना नुसिनर्सेन दिल्यावर ५१ टक्के बाळांनी हालचालींचे काही टप्पे गाठले, तर औषध न मिळालेल्या गटात एकानेही नाही. हा फरक इतका मोठा होता की चाचणी मुदतीआधीच थांबवून सर्वांना औषध देण्यात आले. पण त्याच औषधाची दुसरी एक चाचणी अशा २५ बाळांवर झाली ज्यांच्यात आजार रक्ततपासणीतून कळला होता, लक्षण एकही नव्हते आणि पहिला डोस जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत मिळाला होता. काही वर्षांनी पाहिले तेव्हा ती सर्व २५ बाळे जिवंत होती, एकालाही कायमचा व्हेंटिलेटर लागला नव्हता, सर्व आधाराविना बसत होती आणि २२ बाळे कोणाचा हात न धरता चालत होती. औषध तेच. फरक वेळेचा.

माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबातल्या आईने मला एकदा विचारले होते, “ताई, उंदीर बरे झाले म्हणता, मग माझ्या मुलाला ते इंजेक्शन मिळाले तर तो चालेल का?” मुलगा तेव्हा दोन वर्षांच्या पुढे गेलेला होता. मरून गेलेल्या चेतापेशी कोणतेही औषध परत आणत नाही, ज्या अजून जिवंत आहेत त्यांना मात्र ते सांभाळू शकते, आणि म्हणून आज जे जमते ते टिकणे हासुद्धा औषधाचा मोठा गुण मानायला हवा, असे मी तिला जमेल तितक्या हळुवार शब्दांत सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला तो असा, की हे जन्मल्याबरोबर कळले असते का. कळले असते. ते उत्तर देणे मला फार जड गेले.

प्रायोगिक नमुन्यांची बाजू मांडताना त्यांनी कुठे फसवले तेही सांगायला हवे, नाहीतर चित्र एकांगी होईल. व्हॅल्प्रोइक ॲसिड हे फिटचे जुने औषध पेशींमध्ये आणि उंदरांमध्ये एसएमएनचे प्रमाण वाढवताना दिसले, मोठी आशा निर्माण झाली, आणि मुलांवरच्या चाचण्यांमध्ये पदरी निराशा आली. फिनाइलब्युटिरेटचेही तेच झाले. तैवानच्या उंदरांमध्ये कान-शेपटी झडणे आणि हृदयाचे दोष ठळक असतात, माणसाच्या बाळांमध्ये ती मुख्य लक्षणे नाहीत, त्यामुळे मज्जारज्जूबाहेरच्या अवयवांना औषध किती हवे या प्रश्नावर उंदीर जे सांगतो ते जसेच्या तसे घेता येत नाही. तरीही तो प्रश्न सोडून देता येत नाही, कारण पूर्वी दोन वर्षांत दगावणारी मुले आता शाळेत जाऊ लागली आहेत आणि त्यांच्या यकृताचे, हृदयाचे, चयापचयाचे पुढे काय होते हे पाहायची वेळ माणसावर पहिल्यांदाच आली आहे.

काही धोके उंदरात दिसलेच नाहीत, ते माकडांनी दाखवले. तोंडाने घ्यायच्या औषधाचा रोश कंपनीचा पहिला रेणू माकडांच्या डोळ्यांना इजा करतो असे दीर्घ अभ्यासात दिसले आणि माणसांवरची चाचणी थांबवण्यात आली. त्यातूनच सुधारलेला रेणू म्हणजे रिस्डिप्लाम, ज्याला ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जनुकोपचाराच्या बाबतीत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जेम्स विल्सन यांच्या गटाने २०१८ मध्ये असे प्रसिद्ध केले की याच जातीचा विषाणू फार मोठ्या मात्रेत दिल्यावर माकडात यकृताची आणि डुकरांच्या पिल्लांमध्ये चेतापेशींची गंभीर हानी दिसली. त्या इशाऱ्याकडे गांभीर्याने पाहायलाच हवे होते, कारण २०२२ मध्ये झोलजेन्स्मा घेतलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याचे नोव्हार्टिस कंपनीने जाहीर केले. हे वाचून कोणी उपचार नाकारू नये, आजार उपचाराहून कितीतरी अधिक घातक आहे. पण इंजेक्शननंतर आठवडेच्या आठवडे यकृताच्या तपासण्या आणि स्टेरॉइड का चालू ठेवतात ते यावरून समजते.

प्राण्यांशिवाय हे करता येणार नाही का, असा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो आणि तो यायलाच हवा. २००९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात क्लाइव्ह स्वेन्डसन यांच्या गटाने एसएमए झालेल्या एका मुलाच्या आणि त्याच्या निरोगी आईच्या त्वचेतल्या पेशी घेतल्या, त्यांना मूळपेशींच्या अवस्थेत परत नेले आणि त्यांपासून काचेच्या बशीत चेतापेशी वाढवल्या. सुरुवातीला दोघांच्याही पेशी सारख्याच उगवल्या, आणि काही आठवड्यांनी मुलाच्या चेतापेशी कमी होऊ लागल्या, आईच्या टिकल्या. माणसाचाच आजार माणसाच्याच पेशीत, रुग्णाच्या शरीरावर प्रयोग न करता, पाहता आला. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून औषधाच्या मंजुरीसाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली, भारतानेही २०२३ मध्ये नियमांत पर्यायी पद्धतींना जागा दिली. मला याचा मनापासून आनंद आहे. त्या पिल्लांचे जगणे आणि मरणे मी हलक्यात घेऊ शकत नाही. प्रयोगासाठी ती आजारी म्हणूनच जन्माला घातली गेली आणि त्यांना निवड नव्हती. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिला, पाचवा आणि दहावा दिवस यांतला फरक बशीतल्या पेशींनी तेव्हा सांगितला नसता. त्यासाठी वाढणारे, दूध पिणारे, दिवसागणिक बदलणारे शरीर लागले. त्या जिवांच्या बदल्यात मिळालेली माहिती वापरली न जाणे हे मला त्या प्रयोगांहूनही अधिक निर्दय वाटते.

ती माहिती तैवानने सर्वांत आधी वापरली. नुसिनर्सेनला मान्यता मिळण्याच्याही आधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, तिथल्या राष्ट्रीय तैवान विद्यापीठाच्या रुग्णालयाने नवजात बाळांची एसएमएसाठी तपासणी सुरू केली. सुमारे १,२०,००० बाळे तपासली गेली आणि त्यांत ७ बाळांना आजार असल्याचे निश्चित झाले. बाळाच्या टाचेतून घेतलेला, कागदावर वाळवलेला रक्ताचा ठिपका आणि एसएमएन-१ चा सातवा एक्झॉन आहे की नाही हे पाहणारी डीएनए चाचणी, एवढेच त्यासाठी लागते. ज्यांच्यात जनुक नाहीसे न होता त्यात वेगळा बिघाड असतो अशी शंभरातली पाचेक बाळे या चाचणीतून निसटू शकतात, उरलेली सापडतात. अमेरिकेने २०१८ मध्ये हा आजार नवजात तपासणीच्या शिफारस केलेल्या यादीत घातला.

आपल्याकडे २०२१ चे राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण आहे, मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातल्या पहिल्या आठ उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे, आणि २०२२ पासून एका रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. किमतीच्या आघाडीवरही हालचाल झाली आहे. रिस्डिप्लामची ६० मिलिग्रॅमची बाटली भारतात सुमारे ६ लाख रुपयांना मिळत होती. वीस किलोंहून अधिक वजनाच्या मुलाला रोज ५ मिलिग्रॅम लागते, म्हणजे बाटली बारा दिवसांत संपते आणि वर्षाला तीसेक बाटल्या लागतात. हा हिशेब पावणेदोन-दोन कोटींच्या घरात जातो आणि ५० लाखांची मदत काही महिन्यांत संपते. हैदराबादच्या नॅटको कंपनीने हे औषध बनवू नये म्हणून रोशने पेटंटच्या आधारे न्यायालयात दाद मागितली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रोशचे अपील फेटाळले, सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही, आणि नॅटकोने तेच औषध १५,९०० रुपयांना बाटली या किमतीत आणले. वर्षाचा खर्च पाच लाखांच्या आत आला. सामान्य कुटुंबाला हीसुद्धा फार मोठी रक्कम आहे, पण सरकारी योजनेला ती आवाक्याबाहेरची नाही.

म्हणूनच आता तपासणीचा प्रश्न टाळता येणार नाही असे मला वाटते. जन्मलेल्या प्रत्येक बाळाची एसएमएसाठी तपासणी करणारी राष्ट्रीय योजना भारतात नाही. गोव्यात २००८ मध्येच सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू झाली होती, ती चयापचयाच्या आजारांसाठी होती. टाचेतून रक्त घेणे, कागद वाळवणे, प्रयोगशाळेत पाठवणे आणि पालकांना वेळेत गाठणे ही यंत्रणा आपल्या भागात उभी करता येते एवढे त्यातून दिसले होते. औषध १६ कोटींचे असताना ‘कळून तरी काय उपयोग’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. आज ते उत्तर लागू पडत नाही. स्वस्त झालेले औषध सहाव्या महिन्यात, निदानासाठी चार दवाखाने फिरून झाल्यावर देणे म्हणजे वरातीमागून घोडे.

दरम्यान संशोधन जन्माच्याही मागे गेले आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या शार्लट समनर यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले की तीव्र एसएमएत चेतातंतूंची वाढ गर्भातच खुंटलेली असते, आणि गाभण उंदरीणीला औषध दिले तर पिल्लांच्या चेतातंतूंना त्याचा फायदा होतो. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयातून एका बाळाची हकिगत प्रसिद्ध झाली. त्या आई-वडिलांनी आधीचे मूल याच आजारात गमावले होते. यावेळी आईने गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत रिस्डिप्लाम घेतले, जन्मानंतर बाळाला तेच औषध चालू ठेवले, आणि अडीच वर्षांची होईपर्यंत त्या मुलीत एसएमएचे एकही लक्षण दिसले नाही. एका बाळावरून नियम ठरत नाही, आणि असा उपचार कोणी आपल्या मनाने करू नये. पण गर्भात आजार आहे हे कळण्यासाठी आई-वडील वाहक आहेत हे आधी माहीत असावे लागते, आणि ती तपासणी आज आपल्या शहरांमध्ये साध्या रक्तचाचणीने होते. घरात पूर्वी एखादे बाळ ‘अशक्त होते, मान धरली नाही’ असे सांगून वर्षाच्या आत गेलेले असेल, किंवा नात्यात कोणाला एसएमए झालेला असेल, तर लग्न झालेल्या भावंडांनी आणि आते-मामे भावंडांनी ही चाचणी गरोदरपणाच्या आधी करून घ्यावी, आणि गरोदरपण सुरू झालेले असेल तर पहिल्या तिमाहीतच डॉक्टरांशी बोलावे.